धोप्याची झोप : थंडीत की उन्हाळ्यात?

या वेळच्या पत्रांमध्ये अळूचा विषय पुन्हा पुन्हा आला आहे. कुणी त्याला धोपा म्हणतं, कुणी चमकुरा. त्याचीच शोभेची भावंडं नर्सरीत 'एलिफंट इअर' या नावानं मिळतात. प्रश्न सातपुड्यातल्या पाड्यावरून आले आहेत आणि शिकागोतल्या मुलासाठी आईनं विचारलेलेही आहेत, पण सगळ्यांचं मूळ एक आहे. हा कंद वर्षातून एकदा विसावतो. तो विसावा कधी द्यायचा, हे आपल्या भागातला कोणता ऋतू त्याच्या जिवावर उठतो त्यावर ठरतं. थंड देशांतली माहिती वाचून आपल्याकडे लोक डिसेंबरात कंद काढून ठेवतात आणि मे महिन्यात मात्र कुंडी गच्चीवर तशीच राहते. जळगाव, भुसावळ, अमळनेरकडे नेमकं उलट करायला हवं.

प्रश्न (यावल तालुका) : केळीच्या बागेत पाटाच्या कडेला वडीच्या अळूची रांग आहे. थंडीची लाट आली आणि दोन रात्रींत सगळी पानं काळी पडून लोंबली. आता उपटून टाकावीत का?

उत्तर : उपटू नका. पानं गेली आहेत, कंद बहुधा शाबूत आहे. अळूची वाढ साधारण २१ ते २८ अंशांत जोमानं होते आणि १० अंशांखाली थांबते. पारा ५-६ वर उतरला की पानातल्या पेशींची आवरणं गळकी होतात. पान आधी उकडल्यासारखं गडद आणि पाणीदार दिसतं, सकाळचं ऊन लागलं की काळं पडून लोंबतं. थंडीचा असाच फटका तुमच्या केळीलाही बसतो, फक्त अळूचं पान पातळ असल्यामुळे त्यावर तो लवकर दिसतो.

कंद जिवंत आहे का हे पाहायला बुडाची माती बोटानं उकरा आणि कंद दाबून पाहा. कडक लागला, नखानं खरवडल्यावर आत पांढरा किंवा किंचित गुलाबी आणि चिकट दिसला, तर काळजी नाही. बोट आत रुतलं, तपकिरी पाणी आलं, आंबूस वास आला, तर तो कुजला आहे. तेवढाच काढा आणि त्याच्या भोवतालची ओंजळभर मातीही काढून टाका. मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, हलकेच ओढून पाहा. तो सहज हातात आला तर खालून कूज लागली असं समजा.

काळी पानं लगेच कापू नका. लाट ओसरेपर्यंत तीच पोंग्यावरचं पांघरूण असतात. ओसरल्यावर बुडापासून ४-५ सेंटिमीटर देठ ठेवून कापा. पाणी निम्म्यावर आणा, कारण थंड मातीत मुळं पाणी ओढत नाहीत. दिलेलं पाणी तसंच साचून राहतं आणि थंडीनं न मेलेला कंद त्या पाण्यानं मरतो. एक सोपी खूण सांगतो. धडधाकट अळूच्या पानाच्या टोकाला पहाटे पाण्याचा थेंब लोंबत असतो. माती ओली असूनही तो थेंब दिसेनासा झाला, तर मुळं काम करत नाहीत. तेव्हा आणखी पाणी देऊ नये. नवी पानं फुटून टोकाला पुन्हा थेंब दिसू लागले की पाणी वाढवा आणि बुडाशी मूठ-दोन मूठ गांडूळखत घाला. त्याआधी युरिया देऊ नका. थंडीत युरियावर निघालेलं लुसलुशीत पान पुढच्या झटक्यात पहिलं जातं.

पुढच्या हिवाळ्यात लाटेचा इशारा आला की केळीला देता तसं रात्री विहिरीचं पाणी या रांगेलाही एकदा द्या. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. मात्र हे लाटेच्या रात्रीपुरतंच, रोज नव्हे. उत्तरेच्या बाजूला कडब्याचा कूड उभा केला तर बरंच काम होतं.

प्रश्न (अमळनेर) : कुंडीतला अळू पावसाळ्यात कमरेइतका वाढतो. होळीनंतर पानं लहान होत जातात, आखाजीपर्यंत सगळं वाळतं आणि मृगात कुंडी उकरली तर कंदाच्या जागी नुसती साल असते. दरवर्षी नवा कंद आणावा लागतो. रोज दोन वेळा पाणी घालते, तरी असं का?

उत्तर : तुमचा कंद पाण्यावाचून मेलेला नाही, कोमट पाण्यात शिजला आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या किंवा पातळ कुंडीवर दुपारचं ऊन पडलं की आतली माती बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. हवा ४३-४४ अंशांवर असेल तर कुंडीच्या पश्चिमेकडच्या कडेला हात टेकवत नाही, आणि मुळं नेमकी त्या कडेलाच गुंडाळलेली असतात. त्यात दुपारी पाणी घातलं की ते तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मुळं गुदमरतात आणि बुरशी कंदात शिरते. अळू पाणथळीचं झाड आहे हे खरं, पण ते वाहत्या, गार पाण्याचं आहे. हवाई बेटांवर अळूची खाचरं भरतात तेव्हाही पाणी सतत वाहतं ठेवतात, कारण साचून तापलेल्या पाण्यात तिथेही कंद कुजतो.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. कोणती घ्यायची हे अळूच्या जातीवर ठरवा.

वडीच्या अळूला कंद बारीक असतो आणि तो बाजूला धावते फुटवे सोडतो. लिंबाएवढा कंद कोरडा ठेवला तर दोन महिन्यांत सुकून जातो. म्हणून या जातीला उन्हाळाभर हिरवं ठेवावं, मात्र अर्धझोपेत. त्यासाठी होळीला कुंडी गच्चीवरून खाली आणा. जागा अशी निवडा जिथे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ऊन येतं आणि नंतर सावली असते, म्हणजे घराची पूर्व बाजू, कडुनिंबाखाली किंवा मोरीजवळ. नेट लावायची तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट पुरते. ७५ टक्क्यांच्या नेटखाली देठ लांबुळके होऊन लोळतात. उन्हाइतकाच झळांचा बंदोबस्त करा. नेट फक्त डोक्यावर बांधून बाजू उघडी ठेवली तर पश्चिमेचा वारा पानाची कड भाजतोच. तुरीच्या काड्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड या कामाला नेटपेक्षा चांगला.

कुंडी शक्यतो मातीची, १५ इंच किंवा त्याहून मोठी. आता ती एका मोठ्या नांदीत किंवा अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये ठेवा आणि मधल्या फटीत नदीची वाळू भरा. फट चार बोटं तरी हवी. ड्रमच्या बुडाला भोकं पाडून घ्या, नाहीतर खाली पाणी साचेल. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. माठात पाणी गार होतं त्याच नियमानं कुंडीतली माती गार राहते. प्लॅस्टिकचीच कुंडी असेल तर बाहेरून चुन्याचे दोन हात द्या आणि ओलं गोणपाट गुंडाळा. मातीवर वाळलेली केळीची पानं किंवा दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याची कुट्टी ७-८ सेंटिमीटर पसरा, पण देठांना टेकवू नका. पाणी पहाटे आणि दिवेलागणीला द्या. दुपारी पान कोमेजलेलं दिसलं तरी हात आवरा. संध्याकाळी ते आपोआप ताठ होतं. संध्याकाळीही मलूल राहिलं तरच पाणी कमी पडलं असं समजा. या दिवसांत एका झाडावर तीन पानांहून जास्त ठेवू नका. जुनं पान वडीला काढत राहिलात तर झाडालाही ते हलकं जातं. खत पूर्ण बंद.

दुसरी वाट अरवीच्या जातीची, जिला मोठा गड्डा आणि त्याभोवती बोटभर आळकुड्या येतात. ही जात कोरडी झोपवता येते. पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू तोडा, आठ दिवसांवर न्या, मग बंद करा. पानं पूर्ण वाळल्यावर कंद उकरा. धुऊ नका, माती हातानं झटका. सावलीत वारं लागेल असे ४-५ दिवस पसरा. जखमी कंद वेगळे काढून आधी खाऊन टाका. उरलेल्यांना चाळलेली राख लावून मातीच्या मडक्यात रचा : तळाला चार बोटं कोरडी वाळू, वर कंद एकमेकांना न टेकणारे, पुन्हा वाळू. तोंडाला झाकण नको, उंदरांसाठी जाड कापड बांधा. मडकं घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. धाब्याच्या घराची आतली खोली यासाठी उत्तम. पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर सगळी मेहनत वाया. दर तीन आठवड्यांनी एक-दोन कंद चाचपा. सुरकुतले असतील तर वाळूवर वाटीभर पाणी शिंपडा, मऊ लागले तर काढून टाका. मे अखेरीस डोळे फुगलेले दिसतील. मृगाचा पहिला बरा पाऊस झाला की लावा.

फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांत अळूच्या कंदाला आतून इजा होते. बाहेरून तो टवटवीत दिसतो आणि लावल्यावर आठवड्यात पाणी सुटून कुजतो.

प्रश्न (भुसावळ) : बोअरचं पाणी आहे. अळूच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात आणि कुंडीतल्या मातीवर पांढरा थर येतो. रोग आहे का?

उत्तर : रोग नाही, क्षार आहेत. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. ते पानाच्या कडेला जाऊन साठतात, म्हणून कड आधी मरते. पांढरा थर बोटभर मातीसकट खरवडून काढा आणि तेवढं शेणखत भरा. मग कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या. हे माघ संपेपर्यंत करा. भर उन्हाळ्यात केलं तर मुळांना दुहेरी ताण पडतो. पिण्याच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी अळूला देऊ नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कपड्यांच्या साबणाचं पाणीही नको. भाजी, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

पानाच्या कडेऐवजी मधल्या भागात बारीक पांढुरके ठिपके असतील आणि पालथ्या बाजूला धूळ बसल्यासारखी जाळी असेल, तर तो लाल कोळी आहे. कोरड्या हवेत तो फार झपाट्यानं वाढतो. दर तिसऱ्या दिवशी पहाटे पानाच्या पाठीवर पाण्याची जोरदार धार मारा. दोन आठवड्यांत तो हटतो. नाहीच हटला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य साबण घालून सूर्यास्तानंतर फवारा. अळूच्या पानावरून पाणी मोत्यासारखं घरंगळतं, म्हणून साबणाशिवाय फवारणी टिकत नाही. आणि तेल उन्हात मारलं तर पान भाजतं.

प्रश्न (अक्कलकुवा तालुका, डाबकडील पाडा) : आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर दव गोठतं. अळू दरवर्षी जळतो. कंद काढून घरात ठेवावेत का?

उत्तर : काढायची गरज नाही, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. डाब, वालंबा, तोरणमाळ या पट्ट्यात गोठतं ते गवतावरचं दव. जमीन वीतभर खोल गोठत नाही. दहा सेंटिमीटर खाली माती इतकी उबदार असते की कंद सुखरूप राहतो. पानं जळणारच, जळू द्या. कंद वाचवायला दोनच गोष्टी हव्यात, कोरडेपणा आणि पांघरूण.

दिवाळीनंतर पाणी कमी करत न्या. गोठलेल्या दवानं पानं काळी पडली की देठ वीतभर ठेवून कापा, बुडाशी आजूबाजूची माती ओढून चार बोटं उंच वरंबा करा आणि त्यावर वाळकं गवत किंवा सागाची पानं वीतभर जाडीनं पसरा. उतारावर लावण असेल तर वरच्या बाजूला छोटी चारी काढा म्हणजे अवकाळी पावसाचं पाणी कंदात मुरणार नाही. होळीच्या सुमारास पांघरूण दूर करा. तुमच्याकडचा उन्हाळा खालच्या सपाटीपेक्षा सौम्य असतो, म्हणून होळीनंतर पाण्याची सोय असेल तर अळू लगेच वाढीला लागतो. अमळनेरच्या वाचकाला दिलेला उन्हाळी झोपेचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

फक्त नाल्याकाठच्या, हिवाळाभर ओल्या राहणाऱ्या चिकणमातीत अळू असेल तर कंद काढून मडक्यात ठेवा. थंड आणि ओलं दोन्ही एकत्र आलं की कंद वाचत नाही.

प्रश्न (जळगाव) : मुलगा-सून शिकागोजवळ राहतात. त्यांनी अंगणात अळू लावला, उन्हाळ्यात छान आला. आता थंडी सुरू होताना काय करावं, असं विचारतात. इथून चांगला कंद पाठवू का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : पाठवू नका आणि सामानातही नेऊ नका. लावण्यासाठीचे कंद, रोपं आणि माती यांवर तिथे वनस्पती-रोगप्रतिबंधाचे कडक नियम आहेत. तिथल्या भारतीय आणि चिनी दुकानांत अरवी मिळते. त्यातली कडक, डोळा शाबूत असलेली अरवी लावली तरी उगवते.

शिकागोत जमीन वीतभर नाही, कडक हिवाळ्यात दोन-तीन फूट गोठू शकते. कितीही पांघरूण घातलं तरी कंद जमिनीत राहत नाही, काढावाच लागतो. वेळ दिनदर्शिकेवरून नको, झाडावरून ठरवावी. पहिलं हलकं हिमदव पडून पानं काळी झाली की दोन-चार दिवसांत काढावा. ही वेळ तिथे बहुतेक ऑक्टोबरमध्ये येते. फार आधी काढला तर कंद भरलेला नसतो, उशीर केला तर वरचा भाग गोठतो. देठ १०-१५ सेंटिमीटर ठेवून कापायला सांगा. बुडापासून फूटभर लांब फावडं खुपसून ढेकळासकट उचलावा म्हणजे कंदाला जखम होत नाही. गॅरेजमध्ये किंवा घरात वर्तमानपत्रावर आठवडाभर ते दहा दिवस सुकू द्यावा. जखमेवर साल धरली की मगच भरायचा. भरताना भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्यावं आणि त्यात कोरडा लाकडी भुसा, कोकोपीट किंवा पीट मॉस घालावं. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात कंद घामेजून कुजतो.

जागेचं तापमान ७ ते १३ अंश हवं. हीटरपासून लांबचा बेसमेंटचा कोपरा यात बसतो. १८ अंशांच्या वर गेलं तर कंद जानेवारीतच फुटून अंधारात पांढरे कोंब काढतो आणि दमतो. महिन्यातून एकदा खोकं उघडून चाचपायचं. एखाद्या कंदाला मऊ डाग दिसला तर निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत कापावा आणि गंधकाची भुकटी किंवा राख लावून दोन दिवस सुकवून परत ठेवावा. बेसमेंट नसलेल्या फ्लॅटमध्ये कुंडीच दक्षिणेच्या खिडकीत ठेवावी आणि वरची दोन बोटं माती सुकल्यावरच पाणी द्यावं. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो, तेव्हा पानं ओल्या फडक्यानं पुसत राहावं लागतं.

शेवटच्या हिमदवाच्या सहा-आठ आठवडे आधी, म्हणजे मार्चमध्ये, कंद कुंडीत पाचेक सेंटिमीटर खोल लावून उबदार जागी ठेवावा. कोंब वर आल्याशिवाय पाणी बेतानंच. बाहेर न्यायची घाई नको. रात्रीही १०-१२ अंशांच्या खाली पारा जात नाही असे दिवस आले की आधी आठवडाभर सावलीत, मग उन्हात.

तुमच्या ओळखीतलं कुणी ह्यूस्टनकडे असेल तर त्यांना यातलं बरंचसं करावं लागत नाही. तिथे पानं गेली तरी कंद जमिनीत पालापाचोळ्याखाली टिकतो. मात्र टेक्सास, फ्लोरिडासारख्या उबदार राज्यांत हा अळू ओढ्यानाल्यांत पसरून उपद्रवी झाला आहे, म्हणून तिथे तो ओढ्याकाठी लावू नये आणि काढलेले कंद उकिरड्यावर टाकू नयेत. लंडनकडची थंडी शिकागोइतकी कडक नसते, पण तिथली माती हिवाळाभर गार आणि ओली राहते. त्यामुळे तिथेही कंद काढलेला बरा. आखातात राहणाऱ्यांनी वर अमळनेरसाठी सांगितलेलं सगळं करावं.

प्रश्न (धुळे) : नर्सरीतून आणलेल्या 'एलिफंट इअर'ची पानं आकाशाकडे तोंड करून उभी राहतात, चकचकीत आहेत. याच्या वड्या होतात का? आणि हिवाळ्यात ते मरगळलं आहे.

उत्तर : वड्या करू नका. पान उभं आणि चकचकीत असेल, देठ पानाच्या खाचेपाशी जोडलेला असेल, तर ती अलोकेशिया आहे. वडीच्या अळूचं पान खाली झुकतं, त्यावर मखमली छटा असते आणि देठ पानाच्या पाठीला, खाचेपासून आत सरकून जोडलेला असतो. रोप लहान असताना मात्र ही खूण फसवी ठरते. म्हणून वडीसाठी पान घ्यायचं ते खात्रीच्या घरच्या कंदाचंच. चुकून कुणी चावलं आणि तोंड, जीभ पेटली तर चूळ भरून गार दूध किंवा दही द्या. ओठ-घसा सुजू लागला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट दवाखाना.

अलोकेशिया थंडीला अळूपेक्षा नाजूक. १५ अंशांखाली ती पानं टाकते. धुळ्यात जानेवारीच्या रात्री त्याहून कितीतरी गार असतात, म्हणून कुंडी ओसरीच्या आत घ्या आणि पंधरा दिवसांतून एकदाच थोडं पाणी द्या. कंद उकरून कोरडा ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. ही जात पूर्ण झोपत नाही, मुळं तुटली की पुन्हा उभी राहायला अर्धा हंगाम घेते. रंगीत पानांचं कॅलेडियम मात्र स्वतःहून झोपतं. त्याचे कंद कुंडीतच कोरडे, घराच्या उबेत ठेवा आणि मेअखेर पाणी सुरू करा.

प्रश्न (चोपडा) : अरवी एका गुंठ्यावर लावायची आहे. बेणं किती लागेल? जपून कसं ठेवावं?

उत्तर : ६० बाय ४५ सेंटिमीटरवर लावलं तर गुंठ्यात साधारण ३७० रोपं बसतात. २५ ते ३५ ग्रॅमची आळकुडी बेण्याला योग्य, म्हणजे ९ ते १३ किलो लागेल. नासधूस धरून १५ किलो ठेवा. खोली ५ ते ७ सेंटिमीटर. भारी काळ्या जमिनीत सरीत लावू नका, वरंब्यावर लावा. पावसाळ्यात सरीत पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडून मुळं तुटतात. गुंठ्याला दोन बैलगाड्या कुजलेलं शेणखत मिळालं तर जमीन भुसभुशीत राहते आणि आळकुड्या सरळ पोसतात.

बेणं निवडताना कंद सारख्या आकाराचे घ्या आणि करपा आलेल्या वाफ्यातले अजिबात घेऊ नका. काढणीनंतर साधारण दोन-अडीच महिने डोळा हलत नाही, तोवर सावलीतल्या ढिगालाही चालतं. ढीग गुडघ्याएवढाच करा आणि मधूनमधून हलवा. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे वाळूत.

प्रश्न (शिरपूर) : श्रावणात पानांवर गोल तपकिरी डाग पडले, त्यांत वर्तुळांमागून वर्तुळं. आठवड्यात सगळा वाफा झोपला. आता पुढच्या वर्षी काय करावं?

उत्तर : हा अळूचा करपा. फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव त्याला कारण असतो. डागाच्या कडेला मधासारखे पिवळसर थेंब दिसतात आणि ते सुकून खडे होतात. ढगाळ हवा, रिमझिम आणि गार रात्री मिळाल्या की चार-पाच दिवसांत पान जातं. १९९३ साली सामोआ बेटांवर या रोगानं अळूचं पीक जवळपास नाहीसं केलं होतं, तेव्हा त्याला कमी लेखू नका.

तो एका हंगामातून दुसऱ्यात जातो तो बेण्यावरून आणि वाफ्यात राहिलेल्या कंदांवरून. म्हणून या वाफ्यातलं बेणं ठेवू नका, उरलेले कंद वेचून घ्या आणि दोन वर्षं तिथे अळू लावू नका. नव्या वाफ्यात अंतर वाढवा, पाणी पानांवर न पडता बुडाशी जाईल असं ठिबक ठेवा. पहिला डाग दिसताच ते पान कोरड्या दुपारी कापून पुरा. सकाळी दवात वाफ्यात शिरलात तर हातापायांवरून रोग तुम्हीच पसरवता. नुसत्या कंदासाठीचं पीक असेल तर ढगाळ हवा सुरू होताच १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना, चिकट द्रव्य घालून फवारता येतं. वडीच्या पानांवर मात्र काहीही फवारू नका. ती पानं दर चार दिवसांनी खुडतात आणि चार दिवसांत औषध जात नाही. तिथे डाग पडलेलं पान काढत राहणं हाच उपाय आहे.

प्रश्न (पाचोरा) : उन्हाळ्यात जगवलेल्या अळूच्या वड्या घशाला खवखवल्या. तो खाऊ नये का?

उत्तर : खावा, पण पान कोवळं घ्या. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. जून, जाड शिरांच्या पानात ती जास्त जाणवते आणि उन्हाळ्यात नवी पानं सावकाश येत असल्यानं आपल्या हाती बहुधा जून पान लागतं. देठ व जाड शिरा सोलून काढा, बेसनात चिंचेचा कोळ नेहमीपेक्षा सढळ घाला आणि उंडे पंचवीस-तीस मिनिटं उकडा. सुरी मधल्या थरातून स्वच्छ बाहेर आली तरच उतरवा. अर्धवट उकडून नुसतं तळलेलं पान घशाला लागतंच. पानं चिरण्याआधी हाताला तेल लावायचं.